अस्थिरोपणाने मनगटाचा सांधा जखडण्याची शस्त्रक्रिया

सांधा हा हालचालीसाठी असतो. त्यामुळे एखादा सांधा शस्त्रक्रियेने कायमचा बंद करावा, असा सल्ला मिळाला की रुग्ण व त्याचे कुटुंबीय प्रथम गोंधळून जातात. मनगटाच्या बाबतीत मात्र हा सल्ला शंभर वर्षांहून अधिक काळ दिला जात आहे आणि योग्य रुग्णाची निवड झाल्यास त्याचा लाभही होतो. झिजलेल्या मनगटाची उरलीसुरली हालचाल सोडून द्यायची आणि त्या बदल्यात वेदनामुक्त, स्थिर व बळकट हात मिळवायचा, हे या शस्त्रक्रियेचे सूत्र आहे. वैद्यकात ती ‘आर्थ्रोडेसिस’ म्हणून ओळखली जाते. सांधा आणि बांधणे या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव तयार झाले आहे. एकदा जखडलेला सांधा पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य असल्याने, होकार देण्यापूर्वी ही शस्त्रक्रिया नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

मनगटाची रचना

मनगट हा एकच सांधा नसून अनेक लहान सांध्यांचा समूह आहे. हाताच्या पुढच्या भागातील रेडियस व अल्ना ही दोन लांब हाडे आणि तळहातातील पाच हाडे यांच्यामध्ये आठ लहान हाडे दोन ओळींत बसवलेली असतात. त्यांच्या पृष्ठभागावर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते व मजबूत अस्थिबंध त्यांना एकत्र धरून ठेवतात. निरोगी मनगट पुढे व मागे प्रत्येकी सुमारे ७० ते ८० अंश वाकते, अंगठ्याच्या बाजूला सुमारे २० अंश आणि करंगळीच्या बाजूला ३० अंशांहून थोडे अधिक कलते.

कुलपात किल्ली फिरवणे, नळ उघडणे, तळहात वर किंवा खाली करणे या हालचाली मनगटाच्या आहेत, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात या वेळी रेडियस हे हाड अल्नाभोवती फिरते. ही क्रिया कोपराजवळील व मनगटालगतच्या वेगळ्या सांध्यांमध्ये घडते. त्यामुळे मनगट जखडले तरी हात फिरवण्याची क्षमता शाबूत राहते. बोटे व अंगठा यांच्या हालचालीही कायम राहतात. शस्त्रक्रियेनंतर हात ‘लाकडासारखा’ होईल ही भीती म्हणूनच अनाठायी आहे.

सांधा कशामुळे खराब होतो?

तरुण रुग्णांमध्ये जुनी दुखापत हे प्रमुख कारण आढळते. दुचाकीवरून पडताना माणूस आपोआप तळहात टेकतो आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्कॅफॉइड हे लहानसे हाड मोडते. सूज थोडी असते, हात वाकडा दिसत नाही, सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रातही भेग दिसेलच असे नाही. मग मनगट मुरगळले असे समजून तेल लावून चोळले जाते. या हाडाचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांच्या बाजूने येत असल्याने मोडलेल्या हाडाचा कोपराकडील तुकडा रक्ताविना राहू शकतो. हाड न जुळता तसेच राहिले तर काही वर्षांत शेजारच्या सांध्यांची झीज सुरू होते. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावरील खोलगट जागेत दाबल्यावर दुखत असेल, तर हात आधारात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. मोठी शस्त्रक्रिया टाळण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

दुसरे मोठे कारण संधिवाताभ, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात सांध्याचे अस्तर सुजते, कूर्चा नष्ट होते आणि मनगट सैल पडून तळहाताच्या बाजूला घसरते. उचललेल्या अल्नाच्या टोकावर घासून करंगळी व अनामिका सरळ करणाऱ्या कंडरा तुटूही शकतात. ही बोटे अचानक सरळ होईनाशी झाली तर रुग्णाने विलंब न लावता तज्ज्ञाकडे जावे.

ल्युनेट या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते ढासळण्याचा विकार व्हिएन्ना येथील क्ष-किरणतज्ज्ञ रॉबर्ट कीनबॉक यांनी १९१० मध्ये वर्णन केला. त्याच्या शेवटच्या अवस्थेतही मनगट जखडावे लागते. मनगटाचा क्षयरोग, रेडियसच्या खालच्या टोकाला होणारी जायंट सेल गाठ, मेंदूच्या पक्षाघातामुळे वाकून घट्ट झालेले मनगट आणि अपघातात मानेजवळील नसांचे जाळे तुटल्याने लुळे पडलेले मनगट ही अन्य कारणे होत. लुळ्या हातात मनगट स्थिर केल्यावर ते सावरण्यासाठी खर्ची पडणाऱ्या कंडरा बोटांकडे वळवता येतात.

इतिहास

सांधा जखडण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नाचे शल्यविशारद एडुआर्ड आल्बर्ट यांनी पोलिओने लुळ्या पडलेल्या पायांसाठी मांडली. मनगटासाठी तिचा उपयोग प्रथम क्षयरोगात झाला. क्षयावर औषध नसलेल्या त्या काळात रोगग्रस्त सांधा खरवडून स्थिर करणे हाच इलाज होता. अमेरिकेतील एली यांनी १९१० मध्ये नडगीच्या हाडाचा तुकडा वापरून अशी शस्त्रक्रिया केल्याची नोंद सापडते. पुढे पोलिओच्या रुग्णांमध्येही ती होऊ लागली.

१९४२ मध्ये अ‍ॅबट, साँडर्स व बॉस्ट या अमेरिकन शल्यविशारदांनी हाडाच्या आतील सच्छिद्र भागाचे रोपण करून मनगट जखडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. टणक हाडाच्या पट्टीपेक्षा जाळीदार हाड लवकर सांधते, हा या पद्धतीचा आधार होता. १९६७ मध्ये हदाद व रिऑर्डन यांनी अंगठ्याच्या बाजूने सांध्यात शिरून कमरेच्या हाडाचा तुकडा खाचेत बसवण्याचे तंत्र सांगितले. त्यामुळे बोटे सरळ करणाऱ्या कंडरा फारशा विस्कटत नसत. १९७१ मध्ये स्वीडनमधील मानरफेल्ट व माल्मस्टेन यांनी संधिवाताच्या ठिसूळ हाडांसाठी आतून धातूची सळई घालण्याची पद्धत मांडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस खास मनगटासाठी घडवलेल्या धातूच्या पट्ट्या आल्या आणि महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये राहण्याची गरज बहुतांश रुग्णांना उरली नाही.

हाडाचे कलम कसे कार्य करते?

कूर्चा काढून हाडे नुसती शेजारी ठेवली तर त्यांच्यात फटी राहतात. त्या भरून काढण्यासाठी आणि हाड तयार होण्याच्या क्रियेला चालना देण्यासाठी अस्थिरोपण करतात. रोपणाला कलम म्हणण्याची पद्धत असली तरी आंब्याचे कलम व हाडाचे कलम यांत मोठा फरक आहे. आंब्याची फांदी खुंटावर जगते व वाढते. हाडाच्या तुकड्यातील बहुतेक पेशी मात्र मरतात. त्याच्या सांगाड्यात शेजारच्या हाडातून रक्तवाहिन्या शिरतात, जुने हाड हळूहळू विरघळते आणि त्या जागी नवे हाड तयार होते. काही महिन्यांनी तेथे दिसणारे हाड रुग्णाच्या मनगटाने स्वतः घडवलेले असते.

चांगल्या रोपणाचे तीन गुण सांगितले जातात. त्यात हाड घडवणाऱ्या जिवंत पेशी असाव्यात, आसपासच्या पेशींना हाड घडवण्यास प्रवृत्त करणारी द्रव्ये असावीत आणि नव्या हाडाला आधार देणारा सांगाडा असावा. या द्रव्यांचे अस्तित्व अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून पुढे आले. तिन्ही गुण एकत्र मिळतात ते रुग्णाच्या स्वतःच्या ताज्या सच्छिद्र हाडात. म्हणूनच ते आजही सर्वोत्तम मानले जाते.

हे हाड बहुधा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेतून घेतात. तेथे ते भरपूर मिळते, पण त्याचे मोलही मोजावे लागते. अनेक रुग्णांना मनगटापेक्षा कंबरच अधिक दिवस दुखते. क्वचित मांडीच्या बाहेरील बाजूला बधिरपणा येतो. त्यामुळे शक्य असेल तेथे रेडियसच्या खालच्या टोकातून किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या मनगटातील लहान हाडांतूनच रोपणासाठी हाड मिळवण्याकडे आता कल आहे. पट्टीची पकड भक्कम असल्यास एवढे हाड बहुधा पुरेसे होते. कॅल्शियमयुक्त कृत्रिम पदार्थ केवळ सांगाडा पुरवतात, जिवंत पेशी देत नाहीत.

दात्याकडून मिळालेले हाडही वापरता येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतिपेढी सुरू झाली असून तेथे दान केलेल्या ऊती किरणोत्साराने निर्जंतुक केल्या जातात. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन हाडांसारख्या ऊतींचाही त्यात समावेश झाला.

गाठ काढल्यानंतरचे रोपण याहून वेगळे असते. रेडियसचे टोक हे जायंट सेल गाठीच्या नेहमीच्या ठिकाणांपैकी एक आहे. मोठ्या गाठीबरोबर हाडाचा काही सेंटिमीटर लांबीचा भाग काढावा लागतो. ही पोकळी चुऱ्याने भरत नाही. पायातील फिब्युला या हाडाचा तुकडा लावून किंवा शेजारचे अल्ना हाड मध्यभागी सरकवून तळहाताशी पूल बांधावा लागतो. येथे कलम हेच हाताचा खांब बनते.

शस्त्रक्रिया कशी होते?

संपूर्ण भूल देऊन किंवा फक्त हात बधिर करून ही शस्त्रक्रिया करतात. दंडाला पट्टा बांधून रक्तप्रवाह तात्पुरता थांबवला जातो. मनगटाच्या मागील बाजूस उभा छेद घेऊन कंडरा अलगद बाजूला केल्या जातात. रेडियस, दोन ओळींतील लहान हाडे आणि मधल्या बोटाच्या रेषेतील तळहाताचे हाड यांच्या समोरासमोरील पृष्ठभागावरची कूर्चा काढून खालचे रक्तयुक्त हाड उघडे केले जाते. मधल्या जागांत रोपणाचे हाड ठासून भरतात. त्यानंतर रेडियसपासून मधल्या बोटाच्या तळहातातील हाडापर्यंत धातूची पट्टी बसवून स्क्रूने घट्ट केली जाते. संधिवाताच्या रुग्णांमध्ये पट्टीऐवजी हाडांच्या पोकळीतून सळई घालण्याचा पर्याय असतो.

वाढत्या वयाच्या मुलांमध्ये ही शस्त्रक्रिया शक्यतो पुढे ढकलतात, कारण रेडियसची बहुतांश वाढ त्याच्या खालच्या टोकाकडून होते. वाढीचा थर दुखावला गेल्यास हात आखूड राहू शकतो.

कोनाचे महत्त्व

मनगट पूर्ण खाली वाकवून मूठ वळण्याचा प्रयत्न केल्यास पकड किती कमजोर होते हे कोणालाही अनुभवता येईल. मनगट किंचित मागे झुकवले की तीच मूठ घट्ट होते. बोटे मिटवणाऱ्या कंडरांना या स्थितीत योग्य ताण मिळतो. म्हणून मनगट साधारणपणे १० ते २० अंश मागे झुकलेल्या व करंगळीकडे किंचित कललेल्या स्थितीत जखडतात.

दोन्ही मनगटे खराब असतील तर प्रश्न अवघड होतो. शौचानंतरच्या स्वच्छतेसाठी एका हाताचे मनगट थोडे तरी पुढे वाकणे सोयीचे असते. पाण्याने स्वच्छता करण्याची पद्धत असलेल्या आपल्या समाजात ही बाब गौण नाही. म्हणून शक्य असल्यास एकच मनगट जखडतात. दोन्ही जखडावी लागल्यास एक पकडीसाठी मागे झुकलेले आणि दुसरे सरळ किंवा किंचित पुढे वाकलेले ठेवतात. संकोचामुळे रुग्ण हा विषय काढत नाहीत. तो शस्त्रक्रियेपूर्वीच मोकळेपणाने बोलला गेला पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर

पहिले काही दिवस हात हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा लागतो. बोटांच्या हालचाली पहिल्याच दिवसापासून सुरू करायच्या असतात. दुखते म्हणून बोटे न हलवल्यास ती ताठरतात आणि शस्त्रक्रियेचा हेतूच निष्फळ होतो. खांदा व कोपरही हलते ठेवावेत. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. हाडे जुळण्यास सर्वसाधारणपणे दोन ते तीन महिने लागतात. तोपर्यंत जड वजन उचलणे वर्ज्य असते. पूर्ण ताकद येण्यास अनेक महिने जावे लागतात.

काय मिळते, काय जाते?

वेदना कमी होणे हा सर्वांत मोठा लाभ. पट्टी व रोपण यांच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियांपैकी शंभरातील नव्वदहून अधिक मनगटे जुळून येतात. मात्र प्रत्येक रुग्णाची वेदना शून्यावर येईलच असे नाही. पकडीची ताकद निरोगी हाताइतकी बहुधा होत नाही, पण दुखणाऱ्या मनगटाच्या तुलनेत ती पुष्कळ सुधारते. लिहिणे, जेवणे, बादली उचलणे, हातोडा किंवा कोयता चालवणे यांसारखी कामे बहुतेकांना जमतात. खांदा व कोपर वेगळ्या रीतीने वापरण्याची सवय काही महिन्यांत लागते.

काही गोष्टी मात्र जमत नाहीत. हात छातीशी धरून तळवे पूर्ण जुळवत नमस्कार करताना मनगटे बरीच मागे वाकतात. जखडलेल्या मनगटाने तसा नमस्कार होत नाही, हात पुढे लांबवून तो करावा लागतो. जमिनीवर तळहात टेकून उठता येत नाही, मुठीचा किंवा कोपराचा आधार घ्यावा लागतो. तळहाताने रेटा देऊन कणीक मळणे व भाकरी थापणे अवघड जाते. अरुंद जागेत, उदाहरणार्थ यंत्राच्या आत हात घालून काम करणाऱ्या कारागिराला अडचण येते. मोटारसायकलची मूठ पिळताना कोपर व खांद्याचा वापर करावा लागतो.

या गोष्टींचा अंदाज आधीच घेण्याचा सोपा उपाय आहे. दोन-तीन आठवडे मनगट प्लास्टरमध्ये किंवा घट्ट पट्ट्यात नियोजित कोनात ठेवून नेहमीची सर्व कामे करून पाहायची. वेदना किती कमी होतात आणि अडते कोठे, हे रुग्णाला स्वतःलाच कळते.

धोके

जंतुसंसर्ग, हाडे न जुळणे, पट्टीचा उंचवटा बोचणे, कंडरा चिकटणे किंवा झिजणे, मनगटातील नस दबणे, अल्नाच्या बाजूला दुखत राहणे आणि हाताला दीर्घकाळ सूज व आग होणे हे संभाव्य त्रास आहेत. पट्टी बोचत असेल तर हाडे पक्की जुळल्यानंतर ती काढता येते.

हाडे जुळण्याच्या क्रियेत तंबाखू हा मोठा अडथळा आहे. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रोपणाला रक्तपुरवठा मिळत नाही. सिगारेट व बिडी यांइतकेच हे तंबाखूच्या विड्याला, गुटख्याला व मिश्रीलाही लागू आहे. घरात ‘फक्त दातांना लावते’ म्हणून मिश्रीचा उल्लेखच होत नाही. डॉक्टरांना ती माहिती देणे आणि शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून हाडे जुळेपर्यंत तंबाखू पूर्ण बंद ठेवणे गरजेचे आहे. अनियंत्रित मधुमेह व ड जीवनसत्त्वाची कमतरता यांवरही आधी उपचार व्हावेत.

मानेच्या मज्जारज्जूला इजा झालेले काही रुग्ण मनगट वर-खाली करूनच बोटे मिटवतात व उघडतात. त्यांचे मनगट जखडल्यास उरलेली पकडही जाते. त्यांच्या बाबतीत ही शस्त्रक्रिया टाळली जाते.

अन्य पर्याय

मनगट संपूर्ण जखडणे हा अखेरचा उपाय आहे. त्याआधी औषधे, आधारपट्टा, सांध्यातील इंजेक्शन व कामाच्या पद्धतीतील बदल करून पाहतात. संधिवातात मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेळेवर सुरू झाल्यास सांधा वाचण्याची शक्यता वाढते. क्षयरोगात औषधोपचारानेच बहुतेक रुग्ण बरे होतात.

झीज मनगटाच्या काही भागापुरती मर्यादित असल्यास तेवढीच हाडे जोडून बाकीची हालचाल राखता येते. वरच्या ओळीतील तीन हाडे काढून टाकणे किंवा वेदना वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नसा कापणे हेही पर्याय आहेत. कृत्रिम सांधा बसवल्यास हालचाल टिकते, पण मनगटाचे कृत्रिम सांधे खुबा व गुडघ्याच्या सांध्यांइतके टिकाऊ ठरलेले नाहीत. त्यामुळे शेतमजूर, गवंडी, लोहार यांसारख्या कष्टाचे काम करणाऱ्यांना ते सहसा सुचवले जात नाहीत. कृत्रिम सांधा निकामी झाल्यास शेवटी रोपण करून मनगट जखडावेच लागते आणि तेव्हा हाडाची तूट मोठी असल्याने काम अधिक कठीण होते.

म्हणून निर्णय केवळ क्ष-किरण चित्रावरून होत नाही. रुग्णाचे वय, व्यवसाय, दुसऱ्या हाताची स्थिती, घरातील कामे व वेदनेची तीव्रता या सर्वांचा विचार करावा लागतो. कोणता पर्याय शिल्लक आहे, रोपणाचे हाड कोठून घेणार, मनगट कोणत्या कोनात ठेवणार आणि कामावर कधी परतता येईल, हे चार प्रश्न रुग्णाने शल्यविशारदाला अवश्य विचारावेत. ज्या मनगटाची हालचाल आधीच वेदनेने हिरावून घेतली आहे, त्याला स्थिरता दिल्याने हात पुन्हा कामाला लागतो. मात्र जे मनगट अजून वाचवता येण्यासारखे आहे, ते जखडण्याची घाई करू नये.